टिक नको, आकडा लिहा

पत्र:

"मी आयुर्वेद पदवीधर डॉक्टर. चार वर्षं रुग्णवाहिकेवर काढल्यावर बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात चार गाड्यांची जबाबदारी माझ्यावर आली. मागच्या महिन्यात रात्री एका शेतातल्या आखाड्यावरून सव्वीस वर्षांच्या तरुणाला उचललं. फवारणीचं औषध घेतलेलं, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ग्रामीण रुग्णालयात सलाईन लावून मोठ्या रुग्णालयात रेफर केलं. पंचावन्न मिनिटांचा रस्ता. पेटीत ॲट्रोपिनच्या, म्हणजे या विषावरच्या इंजेक्शनच्या, दहाच अँप्यूल (काचेच्या कुप्या) निघाल्या. पंधरा-पंधरा मिनिटांनी दोन-दोन दिल्या, पुढे नाडी १२० झाली म्हणून थांबले. पोचायला वीस-बावीस मिनिटं असताना ऑक्सिजन संपला. (निघताना पायलटमामा, म्हणजे गाडीचे चालक, म्हणाले होते, 'मॅडम, काटा पन्नासवर आलाय, बदलून घेऊ का?' मी म्हणाले, वेळ नाही, चला.) सकाळच्या पाळीच्या रजिस्टरात ऑक्सिजन आणि औषधं, दोन्हींपुढे टिक आहे. कॅज्युअल्टीतले डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडले. तरुण तिसऱ्या दिवशी गेला. आता पायलटमामांना मेमो काढा, असं वरून सांगितलंय. ते माझ्या वडिलांच्या वयाचे, आमचं बोलणं बंद झालंय. तरुणाच्या भावाचे फोन येतात, ते मी उचलत नाही. कुठून सुरुवात करू?"

उत्तर:

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात लिहिलंय. त्या रात्री ज्याला उणीव दिसली त्यानं ती निघण्याआधी, सिलिंडर बदलता येत होता तेव्हाच बोलून दाखवली होती. अशा माणसाला मेमो गेला तर चारही गाड्यांवर एकच निरोप जाईल, की काटा खाली आला तरी गप्प बसायचं. पुढच्या वेळी कुणीच बोलणार नाही आणि तुम्हाला कळेल ते थेट सिलिंडर रिकामा झाल्यावर. म्हणून मेमो काढू नका. त्याऐवजी वरिष्ठांना एक पानाचा खुलासा पाठवा. कॉल किती वाजता आला, गाडी किती वाजता निघाली, काटा किती होता, प्रवाह किती लिटरवर होता, अँप्यूल किती होत्या, कोण काय म्हणालं आणि निघण्याचा निर्णय कुणाचा होता, एवढंच त्यात असू द्या. "निर्णय माझा होता" हे वाक्य त्यात आलंच पाहिजे. ते लिहायला जड जाईल, पण मामांशी बंद झालेलं बोलणं त्या वाक्याशिवाय सुरू होणार नाही. खुलाशाची प्रत पाठवायच्या आधी त्यांना वाचायला द्या.

आता त्या रात्रीच्या हिशोबाकडे वळू. यातला ऑक्सिजनचा भाग गणिताचा आहे आणि तो रस्त्याला लागण्याआधीच सुटत होता.

सिलिंडरच्या खांद्यावर त्याची पाण्याची क्षमता लिटरमध्ये ठोकलेली असते. ती गुणिले काट्यावरचा दाब (बारमध्ये), म्हणजे आत उरलेले लिटर. बी टाइप सिलिंडरची क्षमता साधारण १० लिटर असते. काटा १५० वर असेल तर १५०० लिटर, ५० वर असेल तर ५००. मास्क १५ लिटरवर चालू असेल तर ५०० लिटर तेहतीस मिनिटं पुरतात. तुमचा रस्ता पंचावन्न मिनिटांचा, म्हणजे बावीस मिनिटं कमी, आणि पत्रात तुम्ही तोच आकडा लिहिलाय. सिलिंडरनं दगा दिला नाही. तो मिनिटाबरहुकूम चालला.

शिवाय काटा शून्यावर येईपर्यंत वापरायचं धरू नये. शेवटचे २० राखीव ठेवा. तसा हिशोब केला तर बी टाइपमध्ये १५० वर काटा असताना १० लिटरनं १३० मिनिटं आणि १५ लिटरनं ८६ मिनिटं मिळतात. काटा १०० वर असेल तर ८० आणि ५३. काटा ५० वर असेल तर ३० आणि २०. हे सहा आकडे जाड अक्षरात लिहून सिलिंडरशेजारी चिकटवा. काही गाड्यांत डी टाइपचा मोठा सिलिंडर असतो, त्याची क्षमता ४६ लिटरच्या आसपास. त्याचा तक्ता वेगळा करा, दोन्ही एका कागदावर नकोत. रात्री तीनला चुकीची ओळ वाचली जाते.

लागणारा वेळ काढताना प्रवासाची मिनिटं दुप्पट धरा. एक तर आपल्याकडचा रस्ता: ऊसतोडीच्या हंगामात पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला की पाच किलोमीटरला पंधरा मिनिटं जातात. आणि दुसरं, मोठ्या रुग्णालयाच्या दारात खाट रिकामी होईपर्यंत रुग्ण तुमच्याच स्ट्रेचरवर, तुमच्याच सिलिंडरवर असतो. किनवटहून नांदेडला किंवा असंच शंभराहून जास्त किलोमीटर जायचं असेल, तर एका बी टाइपवर निघणं म्हणजे अर्ध्या वाटेत दुसऱ्या गाडीची वाट पाहणं.

काटा ५० वर असताना तुमच्या हातात त्या रात्री दोन वाटा होत्या. एक, ग्रामीण रुग्णालयातून भरलेला सिलिंडर बदलून घ्यायचा. पान्याची चावी साखळीनं सिलिंडरलाच बांधलेली असेल तर तीन-चार मिनिटांचं काम. दोन, प्रवाह गरजेपुरता ठेवायचा. मास्क लावला की १५ लिटर, ही सवय सगळीकडे दिसते. बहुतेक रुग्णांना बोटावरच्या यंत्रात ९४ ते ९८ पुरेसं असतं, जुनाट दमेकरी बिडीवाल्या आजोबांना ८८ ते ९२. साधा मास्क ६ लिटरवर ठेवून ९५ टिकत असेल तर तेच ५०० लिटर ऐंशी मिनिटं पुरतात. तुमच्या रुग्णाच्या छातीत पाणी भरलेलं होतं, त्याला कदाचित ६ लिटर पुरले नसते. पण दर पाच मिनिटांनी पाहून ठरवणं वेगळं आणि खटका शेवटाला नेऊन ठेवणं वेगळं.

गळतीही तपासत चला. फ्लोमीटर (प्रवाह किती लिटर ते ठरवणारा खटका) बंद ठेवून सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा, काटा पाहा, व्हॉल्व्ह बंद करा आणि पाच मिनिटांनी पुन्हा काटा पाहा. उतरला असेल तर बहुतेक वेळा वॉशर झिजलेला असतो. साबणाच्या पाण्यानं बुडबुडा कुठून येतो ते दिसतं. त्या सांध्याला तेल किंवा ग्रीस कधीही लावू देऊ नका, ऑक्सिजनच्या दाबाखाली तेल पेट घेतं. नव्या पोरांना हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण गाडीतला कुठलाही आटा अडला की हात आधी तेलाकडे जातो.

आता ॲट्रोपिन. इथे तुमची चूक फक्त साठ्याची नव्हती, देण्याच्या पद्धतीचीही होती, आणि ती अजून कितीतरी ठिकाणी होते. म्हणून सविस्तर लिहितोय. मात्रा तुमच्या जिल्ह्याच्या लेखी प्रोटोकॉलशी ताडून घ्या आणि प्रोटोकॉल नसेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून सहीनिशी करून घ्या.

ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे फवारणीच्या अनेक कीटकनाशकांतलं विष. त्याच्या विषबाधेत माणूस आधी जातो तो स्वतःच्याच स्रावात बुडून. फुप्फुसं भरतात, श्वासनलिका आवळते. ॲट्रोपिन ते सुकवतं, पण थेंबाथेंबानं दिलं तर विष पुढे आणि औषध मागे राहतं. म्हणून मोठ्या माणसाला पहिली मात्रा शिरेतून १.८ ते ३ मिलिग्रॅम. आपल्याकडची अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमची, म्हणजे तीन ते पाच अँप्यूल एकदम. पाच मिनिटं थांबून पाच गोष्टी पाहायच्या: छातीतली घरघर गेली का, नाडी ८० च्या वर आहे का, वरचा रक्तदाब ८० च्या वर आहे का, काख कोरडी झाली का, बाहुल्या मोठ्या व्हायला लागल्या का. फरक नसेल तर मात्रा दुप्पट. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा दुप्पट. बाहुल्या सगळ्यात उशिरा सुधारतात, त्यांच्यावर अडून राहू नका. छाती आणि काख आधी पाहा.

तीन अँप्यूलपासून सुरुवात केली तर तीन, सहा, बारा. पहिल्या दहा मिनिटांत एकवीस अँप्यूल. आणखी एकदा दुप्पट करावी लागली तर चोवीस, एकूण पंचेचाळीस. तुमच्या पेटीत दहा होत्या. त्यात दुसरी मात्रासुद्धा जेमतेम बसते. कापूस-सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत प्रत्येक गाडीत किमान ५० अँप्यूल असाव्यात आणि ३० वर आल्या की मागणी गेली पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे. औषध स्वस्त आहे, अडतं ते मागणीच्या कागदावर.

नाडी १२० झाली म्हणून तुम्ही थांबलात. ही भीती फार जणांना असते. अशा रुग्णाची नाडी विषानंही वाढते, ऑक्सिजन कमी पडूनही वाढते. छातीत घरघर असेल तर वेगवान नाडी हे ॲट्रोपिन थांबवायचं कारण नाही. थांबायचं ते छाती कोरडी झाल्यावर. रुग्ण बरळायला लागला, अंग तापलं, पोटातले आवाज बंद झाले, तर मात्रा जास्त झालीय, तेव्हा हात आखडा. तसंच ऑक्सिजन संपला म्हणून ॲट्रोपिन रोखू नका. आधी ऑक्सिजन, मगच ॲट्रोपिन, हा जुना नियम आता धरत नाहीत. ज्या रुग्णाकडे ऑक्सिजन नाही त्याला छाती मोकळी होण्याची गरज उलट जास्त.

छाती कोरडी झाली की काम संपत नाही. आतापर्यंत जेवढं दिलं त्याच्या १० ते २० टक्के दर तासाला चालू ठेवायचं. एकवीस अँप्यूल म्हणजे १२.६ मिलिग्रॅम, तर तासाला दोन ते चार अँप्यूल. पंप नसेल तर १०० मिली सलाईनमध्ये घालून मायक्रोड्रिप सेटवर (एका मिलीला ६० थेंब) मिनिटाला १०० थेंब, म्हणजे बाटली तासाभरात जाते.

हे वाचायला सोपं आहे. हलत्या गाडीत बारा अँप्यूल फोडणं सोपं नाही. मानेवरचा ठिपका आपल्याकडे, गॉजचा तुकडा गुंडाळून मागच्या बाजूला मोडायची, एक एक मिली ओढायचं, रस्त्यात खड्डा आला की सुई पुन्हा काचेवर. एकट्या माणसाला बारा अँप्यूलला चार-पाच मिनिटं सहज जातात. म्हणून पहिली मात्रा गेली की पाच मिनिटं घड्याळ बघत बसायचं नाही. तेवढ्यात पुढची २० मिलीच्या सिरिंजमध्ये भरून, वर चिकटपट्टीवर "ॲट्रोपिन, ३.६" लिहून ठेवायची. लागली नाही तर फेकू. पहिल्या दोन मात्रा गाडी हलायच्या आधी, रुग्णालयाच्या दारातच गेल्या तर सगळ्यात बरं. ती पाच-दहा मिनिटं वाया जात नाहीत, पुढचा तास त्यांच्यावरच चालतो. रिकाम्या अँप्यूल ट्रेमध्ये ठेवा, टाकू नका. पोचल्यावर मोजून आकडा सांगता येतो.

बाकीचं थोडक्यात. कपडे काढून पिशवीत बांधायचे, अंग आणि केस साबणानं धुवायचे, हातमोजे नायट्राइलचे, गाडीच्या काचा उघड्या. रुग्ण डाव्या कुशीवर, सक्शन (तोंडातले स्राव ओढून घेणारं यंत्र) डोक्याशी. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढणं अजून वस्त्यांवर चालतं. फोनवरच घरच्यांना ते करू नका म्हणून सांगा. आणि बाटली. पायलटनं गोठ्यात, बांधावर, मोटारीच्या खोलीत बाटली शोधून बरोबर घ्यायची, आणता येत नसेल तर लेबलचा फोटो. यामागे मोठं कारण आहे: बाटली पॅराक्वाट तणनाशकाची निघाली तर ऑक्सिजनच फुप्फुसाची नासाडी वाढवतो. तिथे पातळी नव्वदच्या खाली गेल्याशिवाय ऑक्सिजन लावायचा नाही. म्हणजे बाटली शोधणारा माणूस त्या रात्रीचा अर्धा उपचार ठरवतो.

अशा रुग्णाला गाडीत "का केलंस" असं कुणी विचारू नये. ना तुम्ही, ना पायलट, ना सोबत बसलेला चुलता. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानलं जातं, त्याच्यावर त्यासाठी खटला चालत नाही. भीतीपोटी घरचे "चुकून पिला" म्हणतात आणि औषधाचं नाव लपवतात. त्यांना एवढं एक सांगितलं तरी नाव बाहेर येतं.

आता रजिस्टर. सकाळच्या पाळीनं टिक केली, पेटी उघडली नाही. त्यांना दम देऊन ही गोष्ट थांबणार नाही, कारण टिक करण्याची रचनाच अशी आहे की न बघता करता येते. रकाना बदला. "ऑक्सिजन: टिक" काढून "ऑक्सिजन: काटा किती" करा. "ॲट्रोपिन: टिक" काढून "अँप्यूल किती, सगळ्यात जवळची मुदत कोणती" करा. आकडा लिहायचा तर बघावंच लागतं. खोटा आकडा लिहिणं टिक करण्याइतकं हलक्या हातानं होत नाही.

पाळी बदलताना जाणारे आणि येणारे, डॉक्टर आणि पायलट, चौघं गाडीपाशी. दहा मिनिटं. यंत्रं नुसती बघायची नाहीत, चालवायची. सक्शन चालू करून नळी चिमटा, काटा झटकन ३०० मिमी पाऱ्यापर्यंत गेला पाहिजे. अंबू बॅगचं (हातानं दाबून श्वास देण्याच्या पिशवीचं) तोंड तळव्यानं बंद करून दाबा, हवा अडली तर बॅग ठीक. लॅरिंगोस्कोपचा (घशात पाहायच्या उपकरणाचा) दिवा, ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची मुदत, एईडीची (हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राची) हिरवी खूण. जी औषधं रोज लागत नाहीत ती एका पेटीत मोजून भरा आणि नंबर असलेलं प्लास्टिक सील लावा. सील शाबूत असेल तर पुन्हा मोजायची गरज नाही, सीलचा नंबर लिहिला की झालं. यानं वेळही वाचतो आणि "कुणी काढलं" हा वाददेखील मिटतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत औषधांचं काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत लागतं हे मोजकेच पाळतात. आइसबॉक्सचे पॅक पाळीला बदला, किंवा ते इंजेक्शन ठाण्याच्या फ्रिजमध्ये ठेवून बाळंतपणाच्या कॉललाच उचला.

आणि गाडी कशाशिवाय कॉलला जाणार नाही, हे लेखी ठरवून ठेवा: ऑक्सिजन, अंबू बॅग, सक्शन, ब्रेक-टायर. तालुक्यात दुसरी गाडीच नसेल तर? तेव्हा जावंच लागतं. पण निघतानाच नियंत्रण कक्षाला काय कमी आहे ते सांगायचं आणि वाटेतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून ते उचलायचं. उणीव सांगून निघालेली गाडी आणि लपवून निघालेली गाडी यांत फार फरक आहे.

मामांकडे येऊ. डॉक्टरनं बघायचा रुग्ण, पायलटनं बघायचा रस्ता, अशी वाटणी कागदावर ठीक. प्रत्यक्षात पावसाळ्यात कोणता नळकांडी पूल पाण्याखाली गेलाय, कोणत्या आखाड्यापर्यंत गाडी जाते आणि कुठून स्ट्रेचर हातानं आणावं लागतं, हे पायलटलाच माहीत असतं. आणि काटाही त्यालाच आधी दिसतो, कारण तुमची नजर रुग्णावर असते. म्हणून दोन नियम करा. एक, पायलट किंवा मदतनीस "मॅडम, थांबा" म्हणाला की तुम्ही हातातलं काम थांबवून ऐकायचं. हे दोन शब्द ठरलेले असावेत, कारण "बदलून घेऊ का?" असं प्रश्नार्थी बोलणं घाईत वाहून जातं. आपल्याकडे मोठ्या पदाच्या माणसाला माणसं सूचना देत नाहीत, विचारतात, तेही हळू आवाजात. ठरलेला शब्द असला की अदब सोडल्यासारखं वाटत नाही. दोन, ऐकलेलं परत म्हणायचं. ते म्हणाले "काटा पन्नास," तुम्ही म्हणायचं "काटा पन्नास, तेहतीस मिनिटं." त्या रात्री तुम्ही तेहतीस हा आकडा तोंडानं उच्चारला असता तर "चला" म्हणाला नसता.

नातेवाइकांसमोर आपल्या माणसाला बोलू नका. रुग्णाला लगेच धोका असेल तर तिथेच, तेवढ्यापुरतं. बाकी सगळं परत आल्यावर, एकट्यात. आणि प्रत्येक अवघड कॉलनंतर, पाळी संपायच्या आत, गाडीजवळ उभ्यानंच दहा मिनिटं बोला: काय ठरलं होतं, काय झालं, कशामुळे, उद्या काय बदलायचं. सही नको, कागद नको. विसर पडणं, शॉर्टकटची सवय लागणं आणि बेपर्वाई या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विसरणाऱ्याला तक्ता द्या. सवय लागलेल्याला ती का लागली ते विचारा, बहुतेक वेळा कामाचा बोजा किंवा तुटकी यंत्रणा निघते. दारू पिऊन गाडी चालवणं किंवा न पाहता मुद्दाम खोटा आकडा लिहिणं, इथे मात्र कारवाई करा, आणि उशीर न करता. सगळ्यांना एकच माप लावलं की चांगली माणसंही सावध होऊन गप्प बसतात.

कॅज्युअल्टीतल्या आरडाओरड्याचं औषध बरंचसं तुमच्या हातात आहे. तिथला डॉक्टर एकाच वेळी चार रुग्ण बघत असतो. तुम्ही सांगायला लागता तोवर वॉर्डबॉय स्ट्रेचर ओढतो, नातेवाईक मध्ये बोलतात आणि "ॲट्रोपिन दिलंय" एवढंच त्याच्या कानी पडतं. किती, कधी, हे हरवतं. पोचायच्या दहा मिनिटं आधी फोन करा. पोचल्यावर रुग्ण हलवण्याआधी "डॉक्टर, अर्धा मिनिट" म्हणा आणि ठरलेल्या क्रमानं सांगा. नमुन्यादाखल, हे असं:

"पुरुष, सव्वीस. रात्री साडेनऊच्या सुमारास कीटकनाशक प्यायलाय, बाटली सोबत आहे. भेटला तेव्हा छातीत घरघर, नाडी ५४, रक्तदाब ९० वर ६०, ऑक्सिजन ८२, बाहुल्या टाचणीएवढ्या. ॲट्रोपिन तीन, सहा, बारा, एकूण एकवीस अँप्यूल, शेवटची अकरा वाजून दहा मिनिटांनी. आता छाती मोकळी, नाडी ११०, ऑक्सिजन ९५ सहा लिटरवर. फिट आली नाही. भाऊ बाहेर आहे."

पंचवीस-तीस सेकंद. हेच कागदावर कार्बन प्रतीसह. काही कमी पडलं असेल तर तेही याच क्रमात, स्वतःहून: "शेवटची बावीस मिनिटं ऑक्सिजन नव्हता." हे आधी सांगितलं तर त्या डॉक्टरला उपचारासाठी उपयोगी पडतं. नंतर उघडकीला आलं तर भांडण होतं.

रुग्ण कुठे न्यायचा, याचाही एक फलक करा. तालुक्यापासून दोन तासांच्या आत कुठे रात्री सर्पदंशाची लस (म्हणजे प्रतिविष) आहे, कुठे व्हेंटिलेटर मोकळा असतो, कुठे रक्त, कुठे सिझेरियन, कुठे सीटी. दर सोमवारी फोन करून ताजा करायचा. साप चावलेल्याला थेट अंबाजोगाई, लातूर किंवा घाटीला (छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात) पळवण्यापेक्षा जवळ लस सुरू होते तिथे आधी थांबणं बहुधा योग्य असतं. मण्यारीच्या चाव्याची खूण दिसतही नाही: जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीनं उठतो, मग पापण्या जड होतात, मग श्वास. तिथे वाटभर अंबू बॅग, पाच-सहा सेकंदांना एक दाब, हाच उपचार, आणि तो तासभर करायला मागे दोन माणसं लागतात. माणसं एकाची दोन करायची सोय निघण्याआधीच बघावी लागते, त्या काट्यासारखीच.

तुम्ही लिहिलं नाही, पण पत्र रात्री अडीचला पाठवलंय. झोप उडाली असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक तुमच्यासाठीही आहे आणि मामांसाठीही. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

राहिला तो भाऊ. फोन उचला. आधी वरिष्ठांना सांगून ठेवा की मी बोलणार आहे, म्हणजे नंतर दोन तऱ्हेची उत्तरं जाणार नाहीत. शक्य असेल तर समोरासमोर बसा, मामांना बरोबर घ्या, त्यांनी त्या तरुणाला आखाड्यावरून उचलून आणलंय. जे घडलं ते क्रमानं सांगा, औषध आणि ऑक्सिजन कमी पडल्याचंही. "ऑक्सिजन असता तर वाचला असता का?" असं तो विचारेल. याचं उत्तर तुमच्याकडे नाही. किती विष, कोणतं, किती वेळ गेला, या सगळ्यावर ते होतं, आणि तेच त्याला सांगा. "काही फरक पडला नसता" असं म्हणू नका. त्याला रडू द्या, ओरडू द्या, मध्ये घड्याळ बघू नका. गाडीच्या नोंदीची प्रत त्याला हवी असेल तर अर्ज कुठे आणि कुणाच्या नावानं करायचा ते कागदावर लिहून द्या, आणि खाली तुमचा नंबर.